मुळशीच्या सायकल मार्गावर झाडू कोण मारणार?

मा. जिल्हाधिकारी, पुणे यांस,



20 जानेवारी 2026 रोजी पुणे ग्रँड टूरचा पहिला टप्पा मुळशी-मावळच्या डोंगरांतून गेला, तेव्हा जगभरातले सायकलपटू पाहायला गावोगावची माणसे रस्त्याच्या कडेला उभी होती. पाच दिवसांत 437 किलोमीटरची ही शर्यत जिल्हा प्रशासनाने उभी केली. शर्यतीच्या मार्गावर डांबर पडले, खड्डे बुजले. ‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची जुनी ओळख परत आणायची असेल, तर आता कायमच्या सायकल मार्गाची मागणी पुढे येणारच. चांदणी चौकातून पौडकडे जाणारा रस्ता त्यासाठी सर्वांत योग्य आहे. पण मार्ग आखण्याआधी त्याची देखभाल कोण करणार, हे कागदावर यायला हवे.

पुण्याचा अनुभव हेच सांगतो. सातारा रस्त्यावर 2006 साली बीआरटी (जलद बससेवेचा स्वतंत्र मार्ग) आली, तिच्यासोबत सायकल ट्रॅकही आले. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्त्यांवर आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. जुन्या ट्रॅकवर आज काय दिसते? उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर आलेली चेंबरची झाकणे, टपऱ्या, उभ्या केलेल्या दुचाक्या. बांधकामाला पैसा मिळाला. झाडू मारायला, झाकण बसवायला, अतिक्रमण हटवायला माणूस नेमला गेला नाही.

मुळशीत तर ही अडचण आणखी वाढते. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही मुळशी तालुक्यातली गावे 2021 पासून महापालिकेत आहेत. पुढे भूगाव, भुकूम, पिरंगुटला ग्रामपंचायती आहेत आणि त्यांच्यावर नियोजनासाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए). रस्ता मात्र राष्ट्रीय महामार्ग. एका सलग ट्रॅकवर इतकी कार्यालये! पावसाळ्यात डोंगराची माती ट्रॅकवर वाहून आली, तर सायकलवाल्याने फोन कुणाला करायचा? आणि पाऊस इथे साधा नसतो. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस झेलणाऱ्या तालुक्यात नाली तुंबली की कडेचा मार्ग खचायला फार दिवस लागत नाहीत.

भूगाव-भुकूमच्या ग्रामपंचायतींनी हा भार एकट्याने उचलावा, हे न्यायाचे नाही. शनिवार-रविवारी पहाटे ताम्हिणीकडे निघणारे सायकलस्वारांचे जथे बहुतांशी शहरातून येतात. शहराने मुळशीची हवा, चढ आणि धरणाचा काठ वापरायचा, आणि मागे राहिलेला कचरा गावाने उचलायचा, असे चालणार नाही. खर्चात महापालिकेचा वाटा असलाच पाहिजे, हद्द चांदणी चौकापलीकडे संपत असली तरी. मात्र हा मार्ग केवळ हौशी सायकलस्वारांसाठी नको. पिरंगुटच्या कारखान्यात जाणारा कामगार आणि पौडच्या शाळेत जाणारी मुलगी यांना अवजड वाहनांच्या शेजारून सायकल मारावी लागते. मार्गाची खरी गरज त्यांना आहे.

हे जमते, याचा दाखला डेन्मार्कमध्ये आहे. 2012 साली कोपनहेगनपासून अल्बर्ट्सलुंडपर्यंत लांब पल्ल्याचा सायकल मार्ग सुरू झाला. तो अनेक नगरपालिकांच्या हद्दींतून जातो. प्रत्येक नगरपालिका आपापला तुकडा सांभाळते, पण दर्जाचे निकष सगळ्यांनी मिळून ठरवले आहेत. हद्द बदलली म्हणून सायकलस्वाराच्या चाकाखालचा रस्ता बदलत नाही.

महोदय, ग्रँड टूरसाठी आपल्या कार्यालयाने एवढ्या यंत्रणांना एका टेबलाशी बसवले. तेच टेबल पुन्हा मांडावे. महापालिका, पीएमआरडीए, राष्ट्रीय महामार्ग विभाग आणि ग्रामपंचायती यांच्यात देखभालीचा लेखी करार व्हावा: कुणाचा वाटा किती, झाडलोट आठवड्यातून किती वेळा, खड्डा किती दिवसांत बुजणार, दिवे कोण बदलणार. ठेकेदाराचा दोषदायित्वाचा काळ संपल्यावर पैसा कुठून येणार, हेही त्यात असावे. तक्रारीसाठी दर किलोमीटरला फलक आणि संपूर्ण मार्गासाठी एकच दूरध्वनी क्रमांक असावा.

निविदा निघण्यापूर्वी हा करार मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, ही विनंती.

आपला,
पौड रस्त्यावरचा एक सायकलस्वार