भाजी शिजू द्या, तुम्ही बसा!

आपल्याकडे पाहुणचाराचे एक विचित्र माप आहे. घरची बाई जितकी दमलेली, तितका पाहुणचार चांगला! सत्यनारायण असो, डोहाळजेवण असो की नातवाचा वाढदिवस. बाहेर गप्पा रंगलेल्या असतात आणि जिच्या घरी हे सारे चालले आहे ती घाम पुसत कढईपाशी उभी असते. ‘वहिनी, आता तुम्हीही बसा बरं,’ असे सगळे म्हणतात. तिच्या हातातला झारा मात्र कोणी घेत नाही. गरम वाढण्याच्या हट्टापायी यजमानीणच आपल्या समारंभाला मुकते, हे मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत मुलीकडे राहिले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एक वेगळी रीत पाहिली. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा. बटाट्याची भाजी मुलीकडे होती. सकाळीच तिने सगळे एका विजेच्या भांड्यात भरले, झाकण लावले आणि ती चक्क आरतीच्या तालमीला गेली! दुपारी तेच भांडे टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवले, हॉलवर पुन्हा प्लग लावला. जेवणे संपेपर्यंत भाजी गरम होती आणि मुलगी पंगतीत होती.

या भांड्याला तिथे स्लो कुकर म्हणतात. त्याची जन्मकथाही मोठी बोलकी आहे. ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, स्वयंपाक वर्ज्य. म्हणून लिथुआनियातल्या बायका शुक्रवारीच कडधान्य, बटाटे आणि मांस घातलेले ‘चोलंट’चे भांडे बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवत आणि दुसऱ्या दिवशी घरी आणत. आईकडून ही आठवण ऐकलेल्या अर्व्हिंग नॅक्सन या शिकागोच्या संशोधकाने विजेचे भांडे तयार केले. त्याचे पेटंट 1940 सालचे. पुढे 1971 मध्ये ते ‘क्रॉक पॉट’ या नावाने बाजारात आले आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन गृहिणींनी ते डोक्यावर घेतले. थोडक्यात, या यंत्राचे मूळच मुळी विश्रांतीत आहे.

आता भाजीचे सांगते. पंधराएक माणसांना दोन किलो बटाटे आणि सहा लिटरचे भांडे पुरते. बटाटे सोलून इंचभराच्या सारख्या फोडी करा. भांड्यात काहीही लालसर परतले जात नाही, म्हणून खमंगपणा फोडणीतूनच यायला हवा. मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीलिंब, आले, मिरची अशी सढळ फोडणी कढईत करून फोडींवर ओता. मीठ आणि अर्धी वाटी गरम पाणी पुरे. वाफ बाहेर जात नसल्याने जास्त पाणी घातले तर रस्सा होईल. मंद आचेवर सुमारे सहा तास, तेज आचेवर साडेतीन ते चार. मधूनमधून झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळा, कोंडलेली उष्णता जाते आणि वेळ लांबतो. लिंबू शेवटीच पिळा. आंबट आधी पडले की बटाटा लवकर मऊ होत नाही. दही घालायचे तर तेही शेवटीच, नाहीतर फुटते.

कोणी म्हणेल, प्रेशर कुकरमध्ये पंधरा मिनिटांत बटाटे उकडतात, मग सहा तास कशाला? पण ते सहा तास भांड्याचे असतात, आपले नव्हेत. अर्थात हे भांडे पुऱ्या तळणार नाही आणि बटाट्याच्या काचऱ्यांचा कुरकुरीतपणा त्यात येणार नाही. ते विकत आणलेच पाहिजे, असेही माझे म्हणणे नाही. आदल्या रात्री बटाटे उकडून, गार करून फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी फोडी सुबक पडतात, मोडत नाहीत. पाहुणे यायच्या आधी फोडणीला टाकून भाजी झाकणबंद गरम डब्यात ठेवली की झाले. पुऱ्यांऐवजी पोळ्या बाहेरून आणल्या तर कोणाचे काही बिघडत नाही.

खरा प्रश्न यंत्राचा नाहीच. दोन किलो बटाटे शेवटी कोणीतरी सोलावेच लागतात, आणि सोलाण्याला बाईचाच हात लागतो असे कुठे लिहिलेले नाही. पेपर वाचत बसलेल्या यजमानांपुढे बटाट्यांची पाटी ठेवायला काय हरकत आहे? पाहुणे चार घास आपल्या हातचे खायला येतात हे खरे. पण त्याहून अधिक ते आपल्याला भेटायला येतात. भाजी थोडी कमी गरम चालेल. घरच्या बाईचे पान मात्र सगळ्यांबरोबरच मांडले पाहिजे.