पाचोळ्याचे दिवस

पाडवा झाला की आमच्या गल्लीत सकाळी खराट्याचा आवाज वाढतो. कडुनिंब, करंज, पिंपळ यांची गळती माघाच्या अखेरीपासून चालूच असते. चैत्र लागेपर्यंत रस्त्यावर पाचोळ्याचा थर होतो आणि वर पाहावं तर फांद्यांवर तांबूस पालवीही आलेली असते. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत पानगळ आणि वसंत यांच्यामध्ये अख्खा हिवाळा असतो. आपल्याकडे दोन्ही एकाच महिन्यात उरकतं. त्यामुळे त्या पुस्तकांबरहुकूम पुण्यातली बाग चालत नाही. तिकडे वसंत म्हणजे पेरणीची घाई, इथे माती झाकण्याची. पुढचे दोन-अडीच महिने ऊन चाळिशीला टेकणार असतं आणि नेमकं त्याच्या तोंडावर झाड जमिनीवर पांघरूण टाकून मोकळं होतं. हे पांघरूण आपण झाडून काढतो, पोत्यात भरून फेकतो, आणि मग मे महिन्यात कुंड्या दोनदा भिजवूनही सुकतात म्हणून हळहळतो.

माझ्या चैत्रातल्या कामांपैकी निम्मं काम माती झाकण्याचंच आहे. आधी खुरप्याने माती हलकी करायची, पोटभर पाणी द्यायचं आणि मग वर चार बोटं पाचोळा पसरायचा. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर ओल धरून साल कुजते. कडुनिंब, चिंच, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर मातीत मिसळतात. आंबा-फणसाची पानं जाड, ती हाताने चुरून घालावीत. काही दिवसांनी हा थर उचलून पाहा. खाली माती गार असते, पानांच्या तळाशी बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतात. ते पाहून पुष्कळजण घाबरतात आणि औषध आणायला धावतात. अजिबात जाऊ नका. पानांची माती करण्याचं काम तेच धागे करत असतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून हेच सांगितलं होतं: शहरातल्या माणसानेसुद्धा घरचा ओला कचरा आणि झाडाची पानं यांतून आपली माती स्वतः तयार करावी. महाराष्ट्रातल्या कितीतरी गच्च्यांवर आज भाज्या पिकतात, त्यामागे त्यांची शिकवण आहे.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचं काम माघातच व्हायला हवं. कळी नव्या फुटीवर येते, म्हणून जुन्या काड्या निर्दयपणे छाटाव्या लागतात. त्याआधी काही दिवस पाणी तोडायचं. फळबागवाले ज्याला ताण देणं म्हणतात, तेच कुंडीच्या मापात. आमच्याकडे येणारे माळीकाका दरवर्षी बजावतात, “ताई, मोगऱ्यावर माया करू नका, कात्री चालवा.” छाटणी झाली की शेणखत, भरपूर पाणी आणि दिवसभराचं ऊन. ज्यांनी हे वेळेवर केलं त्यांच्याकडे आता कळ्या टपोऱ्या झाल्या असतील. ज्यांचं राहिलं असेल त्यांनी आजही शेंडे खुडावेत, बहर थोडा उशिरा येईल इतकंच. आणि पहिला बहर ओसरला की पुन्हा हलकी छाटणी करावी. मोगरा पावसापर्यंत साथ देतो.

पण बागेत मला सर्वात जास्त वेळ थांबवून धरतं ते लिंबाचं झाड. कोवळी पालवी आली की लाईम बटरफ्लाय तिच्यावर एकेक करून मोहरीएवढी पिवळसर अंडी घालून जातं. त्यातून निघालेली अळी पानावर असूनही दिसत नाही, कारण ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी असते, काळपट आणि पांढऱ्या ठिपक्यांची. चिमणीला वाटावं, यात खाण्यासारखं काही नाही. मोठी झाली की अळी कात टाकून हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. बोट लावलंत तर डोक्यामागून शिंगांसारखी नारिंगी जोडी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लहान मुलांना हे एकदा तरी दाखवावं, ती वर्षभर विसरत नाहीत. मग एखाद्या काडीला रेशमाचा पट्टा बांधून ती कोष करते आणि आठवड्या-दीड आठवड्यात एका सकाळी ओल्या पंखांचं फुलपाखरू कोषाशेजारी बसलेलं सापडतं.

“पण झाड खाऊन टाकतात की!” असं शेजारणी म्हणतात. हातभर उंचीचं रोप असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा, रोपाला त्या खरंच उघडं करतात. डोक्याइतक्या उंच झाडाला मात्र काहीही होत नाही, महिन्याभरात नवी फूट येते. कढीपत्त्यावरही अशाच अळ्या दिसतील. त्या बहुधा कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतात. राज्य फुलपाखराचा अभिमान बाळगायचा आणि लिंबावर विषारी फवारा मारायचा, हे मला पटत नाही.

अशीच एक खूण गुलाबाच्या पानांवर सापडते. पानाच्या कडेला नाण्यासारखे गोल, स्वच्छ काप गेलेले असतात. हे कुणी खाल्लेलं नसतं. पानं कापणारी एक एकलकोंडी मधमाशी ते तुकडे नेऊन एखाद्या पोकळ काडीत किंवा भोकात आपल्या पिल्लांसाठी खोल्या बांधते. गुलाबाला त्याने अपाय होत नाही. चवळीच्या शेंड्यांवर मावा पडला असेल, तर त्यात फिरणाऱ्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या किड्यांना मारू नका. ती लेडीबर्डची पिल्लं आहेत आणि माव्यावरच जगतात. मावा फारच वाढला तर पाण्याची जोरदार धार मारावी, तरीही हटला नाही तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. कोथिंबीर आता फुलावर येते, ती उपटण्याआधी एखादा वाफा तसाच सोडून पाहा. त्या पांढऱ्या तुऱ्यांवर जेवढ्या प्रकारच्या माश्या आणि गांधीलमाश्या येतात, तेवढ्या इतर कशावर येत नाहीत. पुढे धनेही मिळतात.

पाण्याबद्दल एकच सांगते. भर दुपारी पानं मान टाकतात, ती दर वेळी तहानेनेच असं नाही. उन्हात पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांना गाठता येत नाही. ऊन उतरल्यावर पाहा. पानं सावरली असतील तर झाड ठीक आहे. तेव्हाही मलूल दिसली तर बोट मातीत पेराएवढं खुपसा आणि मगच झारी उचला. पाखरांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवत असाल तर मध्ये एक दगड ठेवा, मधमाश्यांना टेकायला जागा होते. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

आता त्या गल्लीतल्या पाचोळ्याकडे. अजूनही कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचे ढीग पेटलेले दिसतात. घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम आले, कचरा रस्त्यावर जाळायला त्यांनी मनाई केली, तरी काडी ओढणारे हात थांबलेले नाहीत. त्या धुराने दम्याच्या माणसांचे हाल होतात आणि ज्या मातीला हे पांघरूण हवं होतं ती उघडीच राहते. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाला आहे त्यांची आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून दिली. एवढं काम कुठल्याही सोसायटीला जमण्यासारखं आहे. झाडणाऱ्या मावशींना सांगा, “मावशी, पाला पेटवू नका, प्लास्टिक वेगळं काढून पोत्यात भरून ठेवा,” आणि त्या जास्तीच्या कामाचे पैसेही द्या. तुमची बाग नसेल तर फाटकावर ‘पाला मिळेल’ अशी पाटी लावा. न्यायला येणारे तुमच्याच वस्तीत आहेत. मेच्या उन्हाला अजून थोडा अवकाश आहे, तोवर हे उरकून घ्या.