काळी पडलेली केळी आणि आपली मर्यादा



उन्हाळ्यात आपल्या शहरात केळी घरात टिकत नाहीत. सोमवारी आणलेली पिवळीधमक फणी बुधवारी ठिपक्याठिपक्यांची होते आणि गुरुवारी तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग घरात दोन पक्ष पडतात. सासूबाई म्हणतात, "चलितरस झालं, आता नको." लेकी म्हणतात, "मम्मी, बनाना ब्रेड कर ना." गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात याच विषयावर चांगला अर्धा तास वाद झाला. त्या दिवशी बोलायचं राहिलेलं आज सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. साल काळी पडली म्हणून केळं अभक्ष्य होत नाही. आणि केक बिनअंड्याचा केला म्हणून तो आपोआप आपल्या घरात चालण्याजोगाही होत नाही. या दोन्ही गोष्टी आपण फार घाईने ठरवून टाकतो.

आधी केळ्याचं बघू. आपल्याकडे केळी येतात ती बहुतेक जळगाव जिल्ह्यातून, रावेर-यावलच्या पट्ट्यातून, अजिंठ्याचा घाट चढून. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मराठवाड्यातली नांदेडकडची अर्धापुरी केळीही नावाजलेली. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा पिष्ट असतं. केळं पिकत जातं तसं त्या पिष्टाची साखर होते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्ट अगदी नावाला उरतं, म्हणून ते इतकं गोड आणि मऊ लागतं. सालीवरचे तपकिरी ठिपके म्हणजे सफरचंद कापून ठेवल्यावर लालसर पडतं ना, तसाच प्रकार. फ्रीजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल तर थंडीनेच काळीकुट्ट होते आणि आतला गर पांढरा, घट्ट असतो. म्हणजे नुसत्या सालीच्या रंगावर निर्णय द्यायचा तर तो चुकण्याचीच शक्यता जास्त.

चलितरस म्हणजे ज्याचा स्वाद, गंध, वर्ण, स्पर्श मूळ स्वभावापासून ढळला ते. हे गराला लावून बघायचं, सालीला नाही. मी केळं सोलते आणि आधी नाकाजवळ नेते. नुसता गोड वास आला तर ठीक. आंबूस, दारूसारखा वास आला, गर पाणी सुटून पारदर्शक दिसायला लागला, तर ते आंबलेलं आहे. ते बाजूला, त्यात चर्चाच नाही. या बाबतीत सासूबाईंच्या पिढीचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तयार आहे, हे मात्र मान्य करायला हवं. त्यांनी एकदा "वास येतोय" म्हटलं की मी दुसऱ्यांदा हुंगत नाही.

पण वासाहूनही मोठा प्रश्न चिलटांचा आहे, आणि आमच्या मंडळात त्यावर कोणीच बोललं नाही. पिकलेल्या फळाभोवती जी बारीक चिलटं घोंघावतात ती फळाच्या फुटलेल्या भागात अंडी घालतात. उबेत साधारण एका दिवसात त्यातून अळ्या बाहेर येतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात एक नियम पक्का आहे. साल अखंड असेल, देठाशी चिरलेली नसेल, तरच ते केळं वापरायचं. देठ तुटून गर उघडा पडला असेल, तर केळं कितीही सुंदर दिसो, ते नको. कोणी म्हणतं, "ओव्हनमध्ये इतकी उष्णता असते, सगळं शुद्ध होतं." अगं, जीव असलेली वस्तू ओव्हनमध्ये घातली तर ती शुद्ध कशी झाली? ती तर हिंसाच झाली.

आणि ते मोबाईलवर फिरणारे उपाय! वाटीत व्हिनेगर घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, चिलटं बुडून मरतात. आपल्याच ग्रुपवर आपल्याच बायका हे पुढे ढकलतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. पाणी दुहेरी कपड्यातून गाळून प्यायचं आणि ओट्यावर मरणाची वाटी मांडून ठेवायची? फणी आणल्याबरोबर धुवून, कोरडी करून, जाळीच्या कापडात टांगून ठेवली की चिलटांना जागाच राहत नाही. आणि डझनाऐवजी सहाच आणली तर मुळात काळी पडायला उरतच नाहीत. गाडीवाला डझनाला पाच रुपये कमी करतो म्हणून आपण डझन आणतो, त्यातली चार टाकतो. याला बचत कोण म्हणेल?

टाकण्यावरूनही बोलायचंय. जी काळी केळी आपण "अभक्ष्य" म्हणून कचऱ्याच्या पिशवीत बांधून घंटागाडीत देतो, त्या पिशवीत पुढे काय होतं? जी जीवोत्पत्ती आपल्याला पोटात नको होती, ती तिथे हजारपटीने होते. मग ती पिशवी कुठेतरी दाबली जाते, जाळली जाते. आपल्या ताटापुरता धर्म सांभाळून मोकळं होणं मला पटत नाही. गर चांगला आहे तोवर केळं पोटात जावं, आपल्या नाहीतर गायीच्या.

आता बनाना ब्रेड. नाव ऐकून आमच्या एका काकूंनी कानावर हात ठेवले होते, ब्रेड म्हणजे यीस्ट आलंच! यात यीस्ट अजिबात नसतं, हा सोड्यावर फुगणारा साधा केक आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, खायचा सोडा आणि बेकिंग पावडर घरोघर पोहोचल्या होत्या आणि फळ टाकून देणं परवडत नव्हतं, तेव्हा हा पदार्थ रुळला. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीत तो एकदम घराघरात शिरला. आपल्या आजी उरलेल्या केळ्यांचं शिकरण करायच्या, कणकेत कुस्करून गुलगुले तळायच्या. त्याच कुळातली ही एक लांबची बहीण समजा.

मी करते ती पद्धत सांगते. सालीसकट अखंड राहिलेली 3 मोठी केळी, गर साधारण 300 ग्रॅम, काट्याने कुस्करायची. त्यात पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी पातळ तूप आणि पाव वाटी दही. दही तापवलेल्या दुधाला विरजून लावलेलं, त्याच दिवसाचं. दीड वाटी ताजी दळलेली कणीक, पाऊण चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड दोनदा चाळून त्यात घालायची आणि हलक्या हाताने एकत्र करायचं. फेटत बसलात तर केक चिवट होतो. ओव्हन 180 अंशावर, 45 ते 50 मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून 10 मिनिटं तापवायची आणि मंद आचेवर तेवढाच वेळ. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. अंड्याचं बांधण्याचं काम केळ्याचा गर करतो, म्हणून इथे केळं जितकं पिकलेलं तितकं बरं.

गूळ घालायचा असेल तर दही घालू नका. दही-गूळ एकत्र आपल्याकडे वर्ज्य आहे, हे नव्या मुलींना ठाऊक नसतं आणि मोबाईलवरच्या जवळजवळ प्रत्येक "हेल्दी" पाककृतीत ते दोन्ही शेजारी-शेजारी असतात. गुळाबरोबर दूध आणि चमचाभर लिंबाचा रस घ्या. मधाचं तर नावच नको. चातुर्मासात सुकामेवा सोडणाऱ्यांनी अक्रोड वगळावेत, काही बिघडत नाही. कणीकही मर्यादेतली हवी, पावसाळ्यात 3 दिवसांची, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7.

खरी अडचण पुढेच आहे. प्रत्येक पाककृतीच्या शेवटी लिहिलेलं असतं, "दुसऱ्या दिवशी आणखी छान लागतो, हवाबंद डब्यात 4 दिवस टिकतो." टिकत असेल. पण ओलावा असलेला पदार्थ रात्र उलटली की आपल्या घरात वासी. अंडं काढलं की केक जैन झाला असं समजून सोमवारचा केक शुक्रवारपर्यंत डब्यात ठेवणाऱ्या मैत्रिणींना मी प्रेमाने पण स्पष्ट सांगते, अंड्याइतकीच मर्यादाही महत्त्वाची. पिकलेली केळी कापून फ्रीजरमध्ये साठवण्याचा सल्लाही मला त्याच कारणाने नको वाटतो. बाहेरच्या केकवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, सरकारी व्याख्येत मध शाकाहारातच बसतो आणि यीस्टही.

"एवढं सगळं बघायचं तर करायचंच कशाला?" असं मंडळात एक ताई म्हणाल्या. त्यांना माझं उत्तर असं आहे. पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या आपल्या मुली मैत्रिणींच्या वाढदिवसाला केकसमोर उभ्या राहतात, तेव्हा "आमच्यात चालत नाही" एवढंच त्यांच्या हाती असतं. का चालत नाही, काय चालतं, ते कसं करायचं, हे त्यांनी घरी हाताने केलेलं नसतं. नुसत्या नकारावर मुलगी किती वर्षं टिकेल? माझ्या धाकटीने केळ्याचा देठ तपासायला शिकताना चिलटाचं आयुष्य समजून घेतलं. पाठशाळेत पाठ केलेली बावीस अभक्ष्यांची यादी तिला तेव्हा पहिल्यांदा खरी वाटली, असं ती स्वतःच म्हणाली.

वेळेचं गणित तेवढं सांभाळा. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी दोनला भट्टी लावली तरच चारला गरम तुकडा मुलांच्या हातात पडतो. मी साचा लहानच घेते, आठ तुकड्यांचा. घरात पाच जण. उरलेले तीन तुकडे साडेचारला शेजारच्या जाऊबाईंकडे जातात. अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षणाच्या दहा दिवसांत मी तो करत नाही. त्या दिवसांत मुळात केळी मोजूनच आणते.