डोळे चार, आठवण अकरा दिवसांची

दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली असते, गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर असते आणि अलीकडे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी छताला चिकटलेला एक कॅमेरा असतो. या तिन्हींवरील आपली श्रद्धा साधारण एकाच जातीची आहे, अशी शंका मला येऊ लागली आहे. कॅमेरे बसविले, संगणकाला जोडले, पडद्यावर चार चौकोन हलू लागले की आपण निर्धास्त होतो. वास्तविक जबाबदारी तेथून सुरू होते.

हे मत ज्या प्रसंगाने पक्के झाले, तो येथे सांगणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. तेथील भुसार मालाचे एक व्यापारी आमचे जुने ग्राहक. ते तीन आठवड्यांसाठी तीर्थयात्रेला गेले होते. परतल्यावर रोजकीर्द आणि पासबुक ताडून पाहताना त्यांना एक तफावत आढळली. ते निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत भरण्यासाठी ३,००,००० रुपये दिल्याची नोंद रोजकिर्दीत होती; पासबुकात मात्र २,५०,००० रुपयेच जमा होते. पाचशेच्या नोटांची एक गड्डी कमी! गल्ल्यावर बसणारा पुतण्या म्हणे, "मी सहा गड्ड्या दिल्या." अठरा वर्षे दुकानात असलेले दिवाणजी म्हणत, "माझ्या हाती पाचच आल्या, तेवढ्याचीच स्लिप मी भरली."

शेठ शाखेत आले. आमच्या रोख काउंटरवरील चित्रण जपलेले होते. त्यात पिशवीतून पाच गड्ड्या निघाल्या आणि पाचच मोजल्या गेल्या, हे स्पष्ट दिसत होते. बँकेपुरता प्रश्न मिटला. शेठ म्हणाले, "साहेब, माझ्याकडेही चार कॅमेरे आहेत. एक तर बरोबर गल्ल्याच्या डोक्यावर आहे." त्या संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो. आम्ही संगणकावर एकेक दिवस मागे जाऊ लागलो आणि अकराव्या दिवसापाशी चित्रण संपले. त्यापूर्वीचे काहीही शिल्लक नव्हते.

ते कोणी मुद्दाम पुसले नव्हते. हा केवळ हिशेब होता आणि तो वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही सहज सुटावा इतका सोपा आहे. कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला दोन मेगाबिट या बेताच्या वेगाने साठविले, तर एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे २१.६ गीगाबाइट जागा लागते. दोन कॅमेरे असतील तर एक टेराबाइटची हार्ड डिस्क सुमारे तेवीस दिवसांत भरते. डिस्क भरली की संगणक सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहू लागतो. शेठजींनी आरंभी दोनच कॅमेरे बसविले होते. पुढे गोदामाच्या दारावर आणि रस्त्याकडे आणखी दोन लावले. डिस्क मात्र तीच राहिली. तेवीस दिवसांची आठवण साडेअकरा दिवसांवर आली. डोळे वाढले, स्मरण घटले, आणि हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिवाणजींनी दुकानात येणे बंद केले. खरे कोण बोलत होते, हे आजही कोणास ठाऊक नाही. पन्नास हजार रुपये कालांतराने भरून निघाले असतील. अठरा वर्षांचा विश्वास मात्र भरून निघाला नाही. दिवाणजी निर्दोष असतील, तर ते सिद्ध करणारा एकमेव साक्षीदार छतावर होता आणि तो सारे विसरून गेला होता.

म्हणूनच मला असे आग्रहाने म्हणावेसे वाटते की कॅमेरा हा पहारेकरी नव्हे, साक्षीदार आहे. "आमच्या मोबाइलवर दुकान दिसते की," असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. पण चोवीस तास मोबाइलकडे कोण पाहत बसणार? तंटा उपस्थित होतो तो बहुधा घटना घडून गेल्यावर. त्या वेळी उपयोगी पडते ते जपलेले चित्रण. ते किती दिवस जपावे, याचे उत्तर आपला हिशेब आपण किती दिवसांनी तपासतो, यावर अवलंबून असले पाहिजे. महिन्याने ताळा घेणाऱ्याने किमान दीड-दोन महिन्यांचे चित्रण ठेवावे. वरील वेगाने चार कॅमेऱ्यांच्या साठ दिवसांना सुमारे ५.२ टेराबाइट जागा लागते. हालचाल असेल तेव्हाच चित्रण करण्याची सोय वापरली तर याहून कमी जागेत भागते. डिस्क मात्र अखंड लेखनासाठी बनविलेलीच घ्यावी, घरगुती संगणकाची नव्हे.

जेथे विश्वासाचा प्रश्न नाजूक आहे, तेथे नियमांनीही हाच विचार केला आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरविषयी सुधारित सूचना काढल्या. त्यांत लॉकर कक्षात येण्याजाण्याच्या मार्गाचे चित्रण किमान १८० दिवस जपण्याचा दंडक आहे. ग्राहकाने तक्रार केली, तर पोलीस तपास पूर्ण होऊन वाद मिटेपर्यंत ते पुसता येत नाही. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयात तर अठरा महिन्यांची, आणि तशी साठवण उपलब्ध नसेल तेथे किमान एक वर्षाची अपेक्षा ठेवली आहे.

साक्षीदाराला स्मरण हवे, तसेच काळाचे भानही हवे. पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या आतील छोटी बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ भलतीच तारीख दाखवीत असते. घटना अकराची आणि चित्रणावर वेळ पावणेबाराची, अशा साक्षीचे मोल किती? आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण बोलके आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, असा वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूळ यंत्रच सादर केले नसेल, तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे. त्यात आता फाइलचे 'हॅश' मूल्यही नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अंकाक्षरांची ओळ. फाइलमध्ये किंचितही बदल झाला की ती बदलते. तात्पर्य, पडद्याचे मोबाइलने चित्रण करून ठेवले म्हणजे पुरावा झाला, या भ्रमात राहू नये. घटना कळताच प्रत जाणकाराकडून काढून घ्यावी आणि मूळ डिस्कला हात लावू नये.

आणखी एक सावधगिरी हवी. कॅमेऱ्यांचा संगणक गल्ल्याशेजारीच ठेवला, तर चोर पैशाबरोबर साक्षीदारालाही उचलून नेतो. तो वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. 'मिराय' नावाच्या घातक प्रणालीने २०१६ मध्ये असेच मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या बळावर २१ ऑक्टोबर रोजी अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पाडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. चित्रण पाहण्याचा अधिकार एक-दोन जबाबदार व्यक्तींनाच असावा, कारण त्यात आपल्या नोकरांचे व गिऱ्हाइकांचे खासगीपणही साठत असते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कॅमेरा चोर पकडण्यासाठी असतो, ही समजूत अपुरी आहे. निरपराध माणसाच्या अंगावरील शिंतोडा पुसणे, हे त्याचे अधिक मोठे काम आहे. आपण लेजरचा ताळा घेतो, तिजोरीच्या किल्ल्या मोजतो. तसाच महिन्यातून एकदा आपल्या कॅमेऱ्यांचाही ताळा घ्यावा. सर्वांत जुना दिवस कोणता आहे तो पाहावा, घड्याळ ताडावे, एका ठरावीक वेळेचे चित्रण शोधून त्याची प्रत दुसऱ्या संगणकावर चालते की नाही, हे तपासावे. या कामाला पंधरा मिनिटे पुरतात.

त्या दुकानावरून आजही कधी जाणे होते. कॅमेरे आता सहा आहेत आणि शेठजींनी मोठी डिस्कही घेतली आहे. दिवाणजींच्या बैठकीवर मात्र दुसरे कोणी बसलेले असते.