भूत बंगला आणि आजोबांची काठी



परीक्षा संपल्या की मैदानात जत्रा लागते. आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि त्यांच्या शेजारी ‘भूत बंगला’. मुले हट्ट धरतात, आपण तिकीट काढून देतो. आठ वर्षांची असताना मीही असाच हट्ट धरला होता.

थोरल्या भावाचा हात धरून आत शिरले. मिट्ट काळोख. पायाखालच्या फळ्या हलत होत्या. तोंडावरून ओले काहीतरी फिरले. एकाएकी जांभळा दिवा लागला आणि पांढरा सांगाडा चमकला. मागून कुणीतरी माझी वेणी ओढली. भावाचा हात सुटला. बाहेर आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

रात्री ताप भरला. मी झोपेत किंचाळू लागले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “पोरीला बाहेरचं लागलंय. लिंबू उतरून टाका, नाहीतर भगताकडे न्या.” आई घाबरली. लिंबासाठी पदराची गाठ सोडू लागली.

गावाहून आलेल्या आजोबांनी तिला थांबवले. मला जवळ घेऊन म्हणाले, “पोरी, गावकीची पाळी आली की मयताचा सांगावा घेऊन रातच्याला परगावी जायचो. मसणात लाकडं वाहायचो. हातात घुंगराची काठी तेवढी. मसणवट्यात भुतानं मला कधी अडवलं नाही. अडवलं ते पाणवठ्यावर, आन् जित्या माणसांनी!”

सकाळी अण्णांनी मला डॉक्टरांकडे नेले. ताप उतरल्यावर आजोबा मला पुन्हा जत्रेत घेऊन गेले. दुपारची वेळ, खेळ बंद होता. मालकाला विचारून आम्ही आत गेलो. भूत बंगला म्हणजे बांबू आणि काळे कापड! तोंडावरून फिरल्या त्या भिजवलेल्या सुतळ्या. सांगाडा फळीवर रंगवलेला. आणि वेणी ओढणारे भूत? पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, मुखवटा बाजूला ठेवून चटणी-भाकरी खात होता. त्यानेच माझी चप्पल जपून ठेवली होती. त्या रात्री मला शांत झोप लागली.

पुढे मज्झिमनिकायातले भयभेरव सुत्त वाचनात आले. त्यात तथागत जानुस्सोणी ब्राह्मणाला आपला अनुभव सांगतात. संबोधीपूर्वी ते अष्टमी-चतुर्दशीच्या रात्री, लोक ज्यांना भीत अशा वनातल्या ठिकाणी मुद्दाम राहत. हरिण येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी आणि मनात भय उठे. चालताना भय आले तर ते जाईपर्यंत चालतच राहत. बसलेले असताना आले तर बसूनच त्याला जिंकत. आजोबांना हे सुत्त ठाऊक नव्हते. पण जिथे भय वाटले, तिथेच त्यांनी मला उजेडी नेऊन उभे केले.

2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा आता गुन्हा आहे. पण घरातल्या भीतीला कायदा काय करणार? “झोप, नाहीतर बागुलबुवा येईल,” असे म्हणून आपणच घरात भूत बंगला उघडतो. ते आधी बंद करूया. लेकरू भ्याले तर हसू नका, रागावू नका. ताप आला तर डॉक्टर गाठा. मग त्याचा हात धरून ती अंधारी जागा त्याला दिवसा दाखवा.

आजोबा आज नाहीत. त्यांची काठीही नाही. पण माझी मुले अंधारात बेधडक जातात, ही त्यांचीच पुण्याई.