भांड्यावरचं नाव

बालदोस्तांनो,

आज हे पान वाचण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि घरातलं सगळ्यात जुनं भांडं शोधून काढा. आईला विचारा, आजीला विचारा. मग ते उलटसुलट करून बघा. कडेला नाहीतर बुडाशी बारीक टिंबांनी कोरलेलं एखादं नाव दिसेल. कुणाच्या लग्नात, कुणी, कधी आहेर केला ते त्या टिंबांत लिहिलेलं असतं. साल सापडलं की भांड्याचं वय काढा. वजाबाकी तर तुम्हाला येतेच!

माझ्या चौथीच्या वर्गाला मी हाच गृहपाठ दिला होता. एकीच्या घरी तिच्या बाबांपेक्षा मोठा तांब्या निघाला. एकाच्या घरी आजोबांच्या मुंजीतलं ताट निघालं. आणि एक मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, आमच्यात तीन वर्षांपेक्षा जुनं भांडंच नाही. फुटतंय, करपतंय, मग आई नवीन आणते.”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण तीच चूक मीही केली होती.

लग्न होऊन मी सांगलीत आले तेव्हा घरात आजेसासूबाईंची दोन पितळी पातेली होती. जाडजूड, उचलताना हात भरून यायचे. वर त्यांना कल्हई लावून घ्यायची कटकट! मी त्यातलं एक मोडीत घातलं आणि चकचकीत स्टीलचा पाच पातेल्यांचा संच आणला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. वर्षाच्या आत त्या पातेल्यांची बुडं फुगली. शेगडीवर ती भोवऱ्यासारखी डुलायची आणि दूध हमखास लागायचं.

पुढे ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कृष्णा त्या वेळी ५७ फुटांवर गेली! आम्ही घर सोडलं. परत आलो तेव्हा सगळं स्वयंपाकघर चिखलात होतं आणि भांड्यांची मांडणी आडवी झाली होती.

चिखल उपसून एकेक भांडं बाहेर काढलं. माझ्या पातळ पातेल्यांचे पार द्रोण झाले होते. नॉनस्टिक तव्याचा लेप आधीच सोलत आला होता, आता त्याची मूठही गेली. ते सगळं भंगारात गेलं. उरलेलं पितळी पातेलं काळंहिरवं पडलं होतं, पण शाबूत होतं. कुकर धुऊन दुकानात नेला, तर नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून तो पुन्हा शिट्ट्या मारू लागला. आणि बिडाचा तवा? तो लालभडक गंजला होता. मी तो भंगाराच्या ढिगावर टाकायला निघाले, तेव्हा मात्र सासूबाई बोलल्या.

“अगं, टाकतीस कशाला? नुसता गंज हाय त्यो. घासला की निघंल.”

त्यांनी तो घासला, गरम पाण्यानं धुतला, शेगडीवर कोरडा केला. मग अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर गोल गोल फिरवत राहिल्या. दोन-तीन दिवस असं केल्यावर तवा पुन्हा काळाभोर झाला. आजही आमची थालिपीठं त्याच्यावरच होतात.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. टिकाऊ भांडं म्हणजे कधीच न बिघडणारं भांडं नव्हे. बिघडलं तरी पुन्हा उभं करता येतं, ते टिकाऊ!

म्हणून दुकानात गेलात की तीन प्रश्न विचारायचे. याच्यात काय शिजणार? याचं बूड कसं आहे? आणि बिघडलं तर दुरुस्त होईल का? आता एकेका धातूला हे प्रश्न विचारू या.

पहिला मान बिडाला. ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो. लोखंड ओतायची कला आपल्या जिल्ह्याला नवी नाही बरं का! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना काढला. तेच आजचं किर्लोस्करवाडी. त्यांनी लोखंडी नांगर बनवले, तेव्हा सुरुवातीला शेतकरी ते घेईनात. लोखंडानं जमीन नासते, असा समज होता. पण नांगर वापरून पाहिला आणि लोकांची खात्री पटली. जे नांगराचं, तेच भांड्याचं. ते वापरावर ठरतं, चकाकीवर नाही.

बीड सावकाश तापतं, पण तापलं की उष्णता धरून ठेवतं. म्हणून त्याच्यावर भाकरी, थालिपीठ, घावन झकास होतात. थोडं लोह जेवणात उतरतं, तेही अंगी लागतं. पण चिंचेची आमटी लोखंडात करू नका. ती काळी पडते आणि तिला लोखंडाची चव येते. आणखी एक, तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी ओतू नका आणि ते खाली पाडू नका. गंज घासून निघतो, पण तडकलेलं बीड घरी जोडता येत नाही.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. पितळी भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं? ते कळकतं! आंबट पदार्थानं तांबं विरघळून जेवणात उतरतं. त्यानं मळमळतं, उलट्या होतात. म्हणून आतून कल्हई हवी. आमच्या पातेल्याला कल्हई लावली तेव्हा गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली होती. कल्हईवाल्यानं भात्यानं निखारे फुलवले, पातेलं तापवलं, नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर निघाला. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं, की आत चांदी पसरल्यासारखं झालं!

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणूनच ते इतक्या सहज पसरतं आणि म्हणूनच कल्हईचं भांडं रिकामं तापत ठेवायचं नसतं. मोठ्यांसाठी एक सूचना. कल्हईचं कथील शुद्ध हवं. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर ते जेवणात उतरतं आणि लहान मुलांना शिशापासून फार मोठा अपाय होतो. आत पिवळा धातू दिसू लागला, की पुन्हा कल्हई लावायची वेळ झाली असं समजा.

ॲल्युमिनियमला जुनी माणसं ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात. ते हलकं, स्वस्त आणि पटकन तापणारं. भात शिजवायला, पाणी तापवायला चांगलं. पण आंबट-खारट पदार्थ त्यात मुरत ठेवू नयेत. धातू खाल्ला जातो आणि बुडाला बारीक खड्डे पडतात.

आता स्टील. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं, की त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा तयार होतो. तो गंजू देत नाही. ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू, काहीही ठेवा. स्टीलची खोड एकच. त्यातून उष्णता नीट पसरत नाही. तांब्यातून ती स्टीलच्या सुमारे २५ पट सहज वाहते, ॲल्युमिनियममधून सुमारे १५ पट. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर दूध लागतं आणि कडेला गारच राहतं. यावर उपाय म्हणजे जाड बूड, नाहीतर स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर घातलेलं बूड.

खरं वाटत नाही? मग करून बघा, पण मोठ्यांना जवळ घेऊन. देवघरातली तांब्याची पळी घ्या आणि तिच्याएवढा स्टीलचा चमचा घ्या. दोन्हींच्या दांड्यांच्या टोकाला थिजलेल्या तुपाचा एकेक ठिपका लावा आणि दोन्ही कडकडीत पाण्याच्या पेल्यात उभे करा. कुठलं तूप आधी वितळतं ते पाहा.

राहिला नॉनस्टिक. तेल कमी लागतं, पदार्थ चिकटत नाही, हे खरं. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला आणि तो २६० अंशांच्या वर गेला, की लेप बिघडू लागतो. लोखंडी उलथणं लागलं की तो ओरखडतो. एकदा गेलेला लेप घरी परत लावता येत नाही. घ्यायचाच तर घ्या, पण मंद आच आणि लाकडी उलथणं हवं. आणि तो थोड्या वर्षांचा पाहुणा आहे हे ध्यानात ठेवा.

आता दुकानात काय करायचं? भांडं हातात घेऊन जोखा. स्टील आणि पितळ बऱ्याच दुकानांत वजनावर मिळतं, तेव्हा वजन करायला लाजू नका. सपाट फळीवर ठेवून बोटानं कडेला दाबा. डुगडुगलं तर परत ठेवा. बुडावर अंगठा दाबून बघा, ते लवता कामा नये. कान आणि मूठ हलवून बघा. रिव्हेट पक्के हवेत. काठ दुमडलेला हवा, म्हणजे हात कापत नाही आणि तोंड वाकडं होत नाही. आयएसआयची खूण आहे का पाहा. काही जण खिशातून लोहचुंबक घेऊन जातात. पण त्यावरून चांगलं-वाईट कळत नाही! चांगल्या स्टीलला तो सहसा चिकटत नाही, पण काही हलक्या प्रतीच्या स्टीललाही चिकटत नाही. घरात इंडक्शनची शेगडी असेल तर मात्र बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे.

आता गणित. समजा, ३०० रुपयांचं पातळ पातेलं तीन वर्षं टिकलं आणि ९०० रुपयांचं जाड पातेलं तीस वर्षं टिकलं. वर्षाला खर्च किती? पहिल्याचे १०० रुपये, दुसऱ्याचे ३०. स्वस्त कोणतं?

वर्गात हे गणित फळ्यावर मांडलं, तेव्हा तोच मुलगा हळूच म्हणाला, “पण बाई, आईकडं नऊशे रुपये एकदम नसतात.”

या वेळी कुणी हसलं नाही. त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. हाताशी तीनशेच असतील, तर माणूस तीनशेचंच पातेलं घेणार. त्यात त्याच्या आईची काही चूक नाही. चूक माझी होती, कारण मी चांगलं भांडं हातचं घालवलं होतं. म्हणून मी फळ्यावर आणखी दोन वाक्यं लिहिली. पाच पातळ भांड्यांचा संच घेण्याऐवजी एकच जाड भांडं घ्या, आणि तेही रोज लागतं ते. आणि जुनं मोडीत घालण्याआधी ते दुरुस्त होतं का ते विचारा.

आईबाबांनो, मोडीचा भाव वजनावर मिळतो, भांड्याच्या उरलेल्या आयुष्याचा भाव कुणी देत नाही. मी मोडीत घातलेल्या पातेल्यावर आजेसासूबाईंचं नाव होतं. ते कुठल्या भट्टीत वितळलं कोण जाणे!

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि तो मुलगा वर्गात शिरल्या शिरल्या माझ्या टेबलाशी आला. आईनं दिवाळीला फराळाच्या कामाची चार पैसे शिल्लक टाकून एकच लोखंडी कढई घेतली होती. जाड बुडाची, दोन कानांची. दुकानदाराकडून तिच्या कानावर आईचं नाव आणि साल घालून घेतलं होतं.

“बाई, आता आमच्यातपण वजाबाकी करता येईल,” तो म्हणाला.

तुमच्या घरातली वजाबाकी किती आली? आजीला विचारून त्या भांड्याची गोष्ट वहीत लिहून ठेवा. आणि आज जेवण झालं की ते भांडं तुम्हीच घासा बरं का!

तुमची,
बाई