विश्लेषण : हवाईत ‘शेव्ह आइस’ खाताना रंग नको, बर्फ बघा!

हवाईला गेलेला पर्यटक ओआहू बेटावरच्या हालेइवा गावात हमखास थांबतो, ‘मात्सुमोतो’च्या रांगेत उभा राहतो आणि तीन रंगांचा ‘शेव्ह आइस’ घेतो. १९५१ मध्ये हे दुकान सुरू झाले ते किराण्याचे. तिथे जरूर जा. पण मोठी रांग हीच चवीची खूण, असे धरून चालू नका.

हा पदार्थ हवाईत आणला तो उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्या जपान्यांनी. त्यांच्याकडची ही ‘काकिगोरी’. सगळी करामत पात्याची. लादी इतकी तलम किसायची की पाक बर्फातच मुरला पाहिजे. बर्फ जाडाभरडा असला की पाक तळाशी उतरतो आणि वर उरतात दाताला झोंबणारे पांढरे खडे. फ्रीझरमधून काढल्या काढल्या किसलेल्या बर्फाचाही चुरा होतो. म्हणून जाणते दुकानदार लादी थोडा वेळ बाहेर ठेवतात. आपला गोळाही किसलेल्या बर्फाचाच, पण काडीवर दाबून बसवलेला. हा सैल भरतात आणि चमच्याने खातात.

तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातून बाहेर पडणाऱ्याच्या हाताकडे बघा. नुकत्याच घेतलेल्या बर्फाखाली रंगीत पाणी साचले असेल तर पुढचे दुकान गाठा. इंद्रधनुषी रंग फोटोपुरते ठीक. त्यापेक्षा लिलिकोईचा, म्हणजे पॅशन फ्रूटचा, दुकानातच केलेला पाक आहे का, ते विचारा. वरून कंडेन्स्ड मिल्क (तिथली ‘स्नो कॅप’), खाली आइस्क्रीम आणि गोड अझुकी. ही लाल कडधान्ये बघून नाक मुरडू नका. पुरणपोळी खाणाऱ्यांना गोड डाळीचे कसले वावडे?